नोकरीच्या दारावरचा आकडा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत ३१ मेच्या संध्याकाळी डोकावले, तर एकामागून एक निरोपसमारंभ चाललेले दिसतात. शाल, श्रीफळ, पेढे आणि खुर्चीत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती. एकाच दिवशी एवढी माणसे निवृत्त कशी होतात, याचे उत्तर त्यांच्या शाळेच्या दाखल्यात असते. मुलाचा जन्म कधीचा, असे विचारल्यावर आई सांगायची, 'मोठा पूर आला त्या साली, पोळ्याच्या आगेमागे.' गुरुजींना तर रकाना भरायचा असे. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून त्यांनी १ जून लिहून टाकले. एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख पन्नास वर्षांनी माणसाला घरी बसवते. वयाला एवढा अधिकार कुणी दिला, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

वतनदारीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. पाटीलकी किंवा कुलकर्णीपण घराण्याकडे असे. वतनदार थकला की मुलगा, भाऊ नाहीतर गुमास्ता कारभार पाही. दप्तराला त्याच्या वयाशी काही देणेघेणे नव्हते. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही, कारण तेव्हा दारावर वयाऐवजी जात आणि कूळ उभे असे. ते दार परीक्षेने किलकिले केले आणि त्याच परीक्षेने वयाचा आकडा आणला. १८५५ पासून हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हा वयाची वरची मर्यादा २३ होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती २१ वर आली.

१८६९ साली या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वय जास्त भरते म्हणून यादीतून काढण्यात आली. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी त्यांनी वय सोळा लिहिले होते, कारण आपल्याकडे पंधरा पुरी झाली की सोळावे लागते आणि लागलेले वर्षच सांगायची रीत होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती सोळा पुरी धरली. प्रकरण लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात गेले आणि दोघांनाही परत घ्यावे लागले. पाच वर्षांनी, १८७४ मध्ये, दुसऱ्याच कारणावरून सुरेंद्रनाथांना बडतर्फ केले गेले. ऐन पंचविशीत सरकारी कारकीर्द संपलेला हा माणूस मग शिक्षक, संपादक आणि पुढारी झाला. पुढे भारतमंत्री सॅलिस्बरी यांनी वयाची मर्यादा १९ वर आणली, तेव्हा त्याविरुद्ध देशभर सभा घेत फिरले ते हेच सुरेंद्रनाथ. एकोणिसाव्या वर्षी हिंदी मुलाने समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा द्यायची, म्हणजे त्याने ती देऊ नये अशीच तजवीज होती. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिथल्या ठरावांत वयोमर्यादा निदान २३ करावी ही मागणी होती. आपल्या राष्ट्रीय राजकारणाच्या पहिल्या मागण्यांत 'एज बार'ची तक्रार आहे, हे आज कुणाच्या फारसे लक्षात नसते.

हा झाला नोकरीत शिरण्याचा आकडा. बाहेर पडण्याचा आकडा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून आला. ब्रिटनच्या १८५९ च्या कायद्याने सनदी नोकरांसाठी साठीची खूण ठरवली. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८९ चा वृद्धत्व विम्याचा कायदा आला, त्यात वय ७० होते आणि खुद्द बिस्मार्क तेव्हा ७४ वर्षांचा होऊन चॅन्सेलरपदावर बसलेला होता. त्याच्याच जन्माच्या महिन्यात, एप्रिल १८१५ मध्ये, जन्मलेला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप याची एक विक्षिप्त कादंबरी १८८२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या बेटावर माणूस ६७ वर्षांचा झाला की त्याला एका आश्रमात ठेवून वर्षभरात सन्मानाने मारून टाकण्याचा कायदा असतो. ट्रोलोप त्याच साली वारला, वयाच्या ६७ व्या वर्षी. १९०५ च्या फेब्रुवारीत नामवंत वैद्य विल्यम ऑस्लर यांनी बाल्टिमोरच्या निरोपाच्या भाषणात या कादंबरीचा दाखला दिला. जगातले खरे काम चाळिशीच्या आत होते आणि साठीनंतर माणूस निरुपयोगी ठरतो, असा त्यांचा सूर होता. ते विनोदाने बोलले असतील, पण वर्तमानपत्रांनी गहजब केला. गंमत अशी, की बोलणारे स्वतः ५५ वर्षांचे होते आणि नवी नोकरी धरायला ऑक्सफर्डला निघाले होते.

१९१६ साली जर्मनीने ७० चा आकडा ६५ वर आणला. त्याच वर्षी आपल्याकडे, फर्ग्युसनमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले धोंडो केशव कर्वे महिला विद्यापीठ उभारत होते. त्यांचा जन्म एप्रिल १८५८ चा, म्हणजे वय ५८. महाराष्ट्र शासन आज आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना नेमक्या याच वयाला घरी पाठवते.

सरकारी आकडा पुढे सरकत राहिला. १९२२ पासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांत सर्वसाधारणपणे ५५, केंद्रात डिसेंबर १९६२ पासून ५८ आणि मे १९९८ पासून ६०. माणसाच्या अंगात काम करण्याची ताकद किती उरली, हे मोजून यातला एकही आकडा ठरलेला दिसत नाही. रिकाम्या जागा, निवृत्तिवेतनाचा बोजा आणि कुणाचा दबाव किती, यांवरच घासाघीस झाली. बाईचे वय तर आणखी वेगळ्या तराजूत तोलले गेले. एअर इंडियात पुरुष परिचर ५८ पर्यंत काम करी, हवाई सुंदरीला मात्र ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर, किंवा पहिल्या गरोदरपणी थांबावे लागे. मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती मर्जी रद्द केली. लग्नाची अट मात्र टिकली, आणि हे आज वाचताना खटकतेच.

अमेरिकेने १९६७ मध्ये कायदा करून चाळिशीपुढच्या नोकरदाराला वयावरून डावलायला मनाई केली. आपल्याकडे २००० सालच्या सुमारास सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. ती पंधरा वर्षे सेवा झालेल्यांना किंवा चाळिशी गाठलेल्यांना खुली होती. तिथे ज्या वयापासून संरक्षण सुरू होते, त्याच वयापासून इथे गठ्ठा पैसे देऊन बाहेरची वाट दाखवली गेली. मुंबईच्या गिरणी कामगारांना तर तोही मान मिळाला नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख माणसे उतरली. लूम चालवण्यात हात मुरलेले कितीतरी जण काम गेल्यावर कुणाच्या तरी फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिले.

आता आपण आजवर येऊन पोचलो. २०१६ साली महाराष्ट्राने नोकरभरतीची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३३ वरून ३८ केली आणि पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत पस्तिशीची मुले पुन्हा पुस्तके उघडून बसली. कर्मचारी संघटना निवृत्तीचे वय ६० मागतात, तेव्हा हीच मुले जागा अडतील म्हणून धास्तावतात, आणि दोघांचेही चुकते असे म्हणवत नाही. खासगी नोकरीत ही भांडणेही नाहीत. संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून भेदभावाला बंदी केली. त्या यादीत वय नाही, आणि ती यादी खासगी कंपनीला लागूही नाही. त्यामुळे पंचेचाळिशीत लेऑफ झालेला इंजिनिअर बायोडेटातून पदवीचे साल गाळतो, बावीस वर्षांचा अनुभव पंधरावर आणतो, केस काळे करून मुलाखतीला जातो. समोर बसलेली तिशीची व्यवस्थापक त्याला 'सर' म्हणते, पाणी मागवते आणि सहज गप्पा माराव्यात तसे विचारते, 'सर, बीई कुठल्या बॅचचे?'