वनशिक्षण आणि जंगलाकाठचा माणूस

१८७८ हे वर्ष भारतीय वनशिक्षणाच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी देहरादून येथे वनशाळा स्थापन झाली आणि त्याच वर्षी भारतीय वन अधिनियम संमत झाला. कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी विभागणी केली. शाळेने ती राखणारे कर्मचारी घडवावयाचे होते. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस हे स्वतः गावांच्या सामाईक वनांना अनुकूल होते; परंतु शासनाच्या संपूर्ण मालकीचा आग्रह धरणाऱ्या बेडन-पॉवेल यांचा पक्ष वरचढ ठरला. रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड हवे होते. साहजिकच झाडांची मोजणी, तोडीचे नियोजन आणि पुनर्लागवड हे या विद्येचे प्रमुख विषय झाले. गुरे चारणारा, सरपण वेचणारा माणूस तिच्या लेखी केवळ उपद्रवकारक होता.

या दृष्टीस मराठीतून लवकरच उत्तर मिळाले. १८८३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. डोंगर, पडीक जमिनी व गायराने वनखात्याने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांची कशी उपासमार होते, हे त्यांनी त्यात मांडले. वाङ्मयेतिहासात स्थिरावलेला हा ग्रंथ वनधोरणावरील समकालीन साक्ष म्हणूनही वाचावयास हवा.

स्वातंत्र्योत्तर काळात अभ्यासाचा केंद्रबिंदू लाकडाकडून वन्यप्राण्यांकडे सरकला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आणि १९८२ मध्ये देहरादून येथेच भारतीय वन्यजीव संस्था, असा हा क्रम आहे. १९८८ मध्ये या संस्थेत वन्यजीवविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वनधोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलास अग्रक्रम दिला आणि वननिवासींच्या गरजाही मान्य केल्या.

तथापि गरज मान्य करणे आणि हक्क मान्य करणे यांत अंतर आहे. ते ओलांडण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्क मिळाला आणि फुल्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी उपस्थित केलेला प्रश्न कायद्याच्या भाषेत नोंदला गेला. जंगल राखणारा गाव हा आता वनविद्येचा केवळ अभ्यासविषय राहू शकत नाही. त्याचे अनुभवसिद्ध ज्ञान अभ्यासक्रमात कोणत्या स्थानी ठेवावयाचे, हाच तिच्यापुढील खरा प्रश्न आहे.