विकणे

विकणे हे मराठी भाषेतील एक क्रियापद आहे. किंमत घेऊन एखाद्या वस्तूची मालकी दुसऱ्याकडे सोपवणे हा त्याचा मुख्य अर्थ होय. विक्री, विकाऊ, विकत, विकतचा हे शब्द याच कुळातील आहेत. इंग्रजीतील ‘सेल’ या क्रियापदाला प्रतिशब्द म्हणून ‘विकणे’ दिले जात असले, तरी दोहोंच्या अर्थाची व्याप्ती सारखी नाही. शेतीव्यवहारात तर विक्रीसाठी अनेकदा दुसरीच क्रियापदे योजली जातात आणि भाव ठरवणे कोणाच्या हाती आहे, हे त्यांतून सूचित होते. या लेखातील बोलीची उदाहरणे मुख्यतः धाराशिव जिल्ह्यातील उमरगा परिसरातील असली, तरी त्यांतील बहुतेक मराठवाड्यात सर्वत्र ऐकू येतात.

व्युत्पत्ती

संस्कृतात ‘क्री’ या धातूचा अर्थ विकत घेणे असा आहे. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला की विकणे हा अर्थ होतो. हा धातू उपसर्गासह आत्मनेपदी चालतो (विक्रीणीते) असा पाणिनीचा नियम आहे. प्राकृतातील ‘विक्किणइ’, ‘विक्केइ’ या रूपांच्या परंपरेतून मराठी ‘विकणे’ आले. कोकणीतील ‘विकप’ आणि हिंदीतील ‘बिकना’ ही त्याची भावंडे होत. मराठीतील ‘वेचणे’ मात्र निराळे. त्याचा अर्थ एकेक करून उचलणे असा आहे.

संस्कृतात घेण्याच्या धातूपासून विकण्याचा शब्द तयार झाला. मराठीत याच्या उलट घडले. येथे ‘विकत’ या रूपाला ‘घेणे’ जोडून खरेदीचा शब्द बनला. विकत आणणे, विकत मिळणे, विकतचे पाणी हे प्रयोगही त्यातूनच आले. स्वतःहून ओढवून घेतलेल्या त्रासास ‘विकतचे दुखणे’ म्हणतात.

व्याकरण

हे क्रियापद सामान्यतः सकर्मक आहे : ‘शेतकऱ्याने तूर विकली.’ घेणाऱ्याला चतुर्थीचा प्रत्यय लागतो (व्यापाऱ्याला विकली). एकूण किंमत ‘हजार रुपयांना’ अशी, तर दर ‘या भावाने’ असा सांगितला जातो. हिंदीत ‘बेचना’ सकर्मक व ‘बिकना’ अकर्मक अशी जोडी आहे. मराठीत एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘पिकते तेथे विकत नाही’ या म्हणीत ते अकर्मक आहे. विकणारा वाक्यात कोठेच नाही. आजच्या प्रमाण भाषेत हा अर्थ बहुधा ‘विकला जाणे’ किंवा ‘खपणे’ याने सांगितला जातो.

बाजारातील पर्यायी क्रियापदे

उमरगा हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण असून कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील मराठीचा उर्दू व कन्नडशी निकटचा संबंध आला. कन्नडमध्ये विकणे याला ‘मारु’ व विकत घेणे याला ‘कोळ्ळु’ म्हणतात. ‘कोळ्ळु’चा मूळ अर्थही ‘घेणे’ असाच आहे. सोयाबीन, तूर, उडीद, हरभरा, ज्वारी आणि ऊस ही परिसरातील प्रमुख पिके. त्यांच्या विक्रीसंबंधी पुढील क्रियापदे वापरली जातात :

घालणे : ‘सोयाबीन आडतीला घातले’, ‘ऊस कारखान्याला घातला’, ‘डेअरीला दूध घालतो’. माल आधी पोचतो आणि भाव नंतर, दुसऱ्याच्या ठिकाणी ठरतो, अशा व्यवहारात हे क्रियापद विशेष आढळते. आडतीवर सौद्यात बोली लागते, डेअरीत फॅटवरून दर निघतो. आडत्याकडून हिशेबाची ‘पट्टी’ हाती येते, तेव्हा हमाली, तोलाई वजा जाऊन किती उरले ते कळते.

देणे : ‘गाय केवढ्याला दिली?’ जनावरांच्या बाजारात व समोरासमोरच्या घासाघिशीत हे क्रियापद चालते. नाइलाजाने कमी किमतीत विकले, तर ‘देऊन टाकली’ असे म्हणतात.

मोडणे : दागिना सोनाराला विकणे. पेरणीसाठी किंवा दवाखान्यासाठी ‘सोने मोडले’ असे म्हणतात. यात अडचण गृहीत असते. नफ्यासाठी केलेल्या विक्रीस हा शब्द लावत नाहीत.

काढणे : विक्रीस ठेवणे (‘वावर विकायला काढले’). येथे विक्री अद्याप झालेली नसते.

घालवणे : वडिलोपार्जित जमीन विकून गमावणे. या शब्दात विकणाऱ्यावर दोष येतो.

कायद्यातील अर्थ

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार दिलेल्या, देण्याचे कबूल केलेल्या किंवा अंशतः दिलेल्या किमतीच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण म्हणजे विक्री. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तऐवजानेच होते. व्यवहारात इसारपावती झाली की ‘जमीन विकली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. कायद्याच्या दृष्टीने तो केवळ विक्रीचा करार असून त्यामुळे घेणाऱ्याला मिळकतीत हितसंबंध प्राप्त होत नाही. जंगम मालासाठी मालविक्री अधिनियम, १९३० आहे; त्यातही विक्री व विक्रीचा करार यांत भेद केला आहे.

विक्रीच्या दस्तऐवजास मराठीत ‘खरेदीखत’ म्हणतात, म्हणजे त्याचे नाव घेणाऱ्याच्या बाजूने पडले आहे. उर्दू कागदपत्रांत त्यासाठी ‘बैनामा’ हा शब्द येतो.

कर्जाच्या तारणासाठी खरेदीखत करून देणे हा या शब्दाचा सर्वांत घातक उपयोग होय. बोलण्यात ते गहाण असते, कागदावर मात्र विक्री. रक्कम फेडल्यास मिळकत परत देण्याची अट त्याच दस्तऐवजात नसेल, तर १९२९ च्या दुरुस्तीनुसार तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानला जात नाही. अवैध सावकारीतून अशी जमीन गेली असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते.

लाक्षणिक अर्थ

इमान विकणे, मत विकणे, लाज विकणे या प्रयोगांत जे विकू नये ते विकल्याचा ठपका असतो. ‘तो विकला गेला’ म्हणजे लाच घेऊन फितला. ‘विकाऊ’ हे विशेषण घराला लावले तर साधे, माणसाला लावले तर निंदाव्यंजक ठरते. मातीमोल व कवडीमोल ही क्रियाविशेषणे पडत्या भावातील विक्रीसाठी रूढ आहेत.

इंग्रजी ‘सेल’शी तुलना

इंग्रजीत पुस्तक ‘सेल’ होते. मराठीत ते खपते. ‘खपणे’ याचे कष्टणे व चालवून घेतले जाणे (‘हे येथे खपणार नाही’) असेही अर्थ आहेत. इंग्रजीत कल्पनाही ‘सेल’ करतात. मराठीत ती पटवून देतात किंवा गळी उतरवतात. ‘कल्पना विकणे’ हा प्रयोग जाहिरातक्षेत्राबाहेर अजून रुळलेला नाही. तिकिटे ‘सोल्ड आउट’ झाली, म्हणजे मराठीत संपली. नाम म्हणून ‘सेल’ हा शब्द मराठीने स्वीकारला, पण केवळ सवलतीच्या विक्रीसाठी (‘साड्यांचा सेल लागला आहे’).

‘सेल’चा जुन्या इंग्रजीतील पूर्वज ‘सेल्लान’ हा होय. त्याचा अर्थ देणे, सोपवणे असा होता. किमतीचा अर्थ पुढे प्रमुख झाला. गुरांच्या बाजारातील ‘केवढ्याला दिली?’ या प्रश्नात मराठीचे ‘देणे’ आजही तेच काम करते.