कुलपातले विज्ञान

दिवाळी अंकात मास्तराने गोडधोड लिहावे, अशी रीत आहे. पण मी आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. प्राथमिक शाळेत मी तेहतीस वर्षे मास्तरकी केली, आणि त्यांतली कितीतरी वर्षे विज्ञानाची पेटी कुलपात ठेवली.

१९८७ साली केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम काढली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे, हा तिचा हेतू. त्या साहित्यात विज्ञानाची पेटीही होती. आमच्याकडे ती आली तेव्हा पोरांनी भोवती कोंडाळे केले. मी भिंग, चुंबक, काचेच्या नळ्या एकेक करून उंच धरल्या, नावे फळ्यावर लिहिली आणि पेटी कपाटात टाकली. सगळे सामान माझ्या सहीने नोंदवहीत चढले होते. एखादी नळी फुटली तर जाब मला! किल्ली करगोट्याला बांधली नव्हती, एवढेच.

माझा मेहुणा त्या काळी हरद्याला शिक्षक होता. हरदा तेव्हा मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात होते. होशंगाबादला आता नर्मदापुरम म्हणतात. एका भाऊबीजेला तो बहिणीकडे आला आणि ओवाळणीचे ताट उचलले जाते न जाते तोच म्हणाला, "भावोजी, काडेपेटी द्या." मला वाटले, फटाके उडवायचे असतील. त्याने काड्यांची गुले खरवडून काढली, खिशातून सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी काढून तिचे बोटभरही नसलेले तुकडे केले आणि नळीच्या दोन तोंडांत दोन काड्या खुपसल्या. झाला सांधा! चार काड्यांचा चौकोन केला. तो बोट लावताच कलंडला. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबला तरी हलेना. "छपराच्या कैचीत त्रिकोण का घालतात, ते पोरांना आता सांगावे लागत नाही," तो म्हणाला.

ही करामत अरविंद गुप्ता यांची. पुण्याच्या टेल्कोतले हे इंजिनिअर १९७८ साली वर्षभराची रजा काढून होशंगाबादला गेले होते. तिथे १९७२ पासून एक विलक्षण उद्योग चालला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेल्या अनिल सद्गोपाल यांची 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला घेतले. १९७८ साली तो कार्यक्रम जिल्हाभर झाला. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरे नसत. काय करून पाहायचे तेवढे असे. चिरफाडीच्या सुईऐवजी बाभळीचा काटा चाले. परीक्षेला पुस्तक आणि वही खुशाल न्यावी, शिवाय प्रयोग करून दाखवावा. मुलांच्या शंकांना 'सवालीराम' नावाने पत्रोत्तर जाई. असा कोणी इसम नव्हताच, पण पोरे त्याला मनातले विचारीत. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने हे काम पुढे चालवले आणि आमच्यासारख्या प्राथमिक वर्गांसाठीही वेगळा कार्यक्रम केला.

"आणि मोडले, फुटले तर?" मी माझा प्रश्न विचारला.

"वापरले तर फुटणारच! भरून मागायचे."

मग तो जरा गंभीर झाला. सामानाचे काही वाटत नाही, म्हणाला. पोरगे असे काही विचारते की आपल्याला येत नाही, आणि ते पन्नास जणांसमोर कबूल करावे लागते, ते जड जाते. प्रशिक्षणाला दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ येत, तेही "माहीत नाही, पाहू या" म्हणत. हे ऐकून मी चपापलो. माझ्या कुलपाचे खरे कारण नोंदवहीत नव्हतेच.

दिवाळीनंतर शाळा उघडली तशी पेटीही उघडली. दोन नळ्या पहिल्याच आठवड्यात फुटल्या. भरपाई मी पगारातून केली.

होशंगाबादचा तो कार्यक्रम मध्य प्रदेश शासनाने २००२ साली बंद केला. तीस वर्षांचे काम! मेहुण्याने ती बातमी पत्राने कळवली; पत्र दोनच ओळींचे होते. सरकारी कागदावरून पुसलेले त्या मास्तरांच्या हातून मात्र गेले नसावे. गुप्तांच्या काड्यांनी तर पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात ठाण मांडले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी निवृत्त झालो, पण सुटलो नाही. परवा नातीला परसात झाडे उपटून दाखवीत होतो. गहू-ज्वारीच्या पानांच्या शिरा समांतर आणि मुळे झुपक्यासारखी; हरभऱ्या-तुरीच्या पानांत शिरांची जाळी आणि खाली एक सोटमूळ. नियम तिच्या तिनेच काढला. तेवढ्यात हिने वड्यांसाठी अळू आणवला होता, त्यातला एक मुळासकट निघाला. नातीने पान उजेडात धरले, मुळे चाचपली आणि म्हणाली, "आजोबा, याला जाळी आहे, आणि मुळे झुपक्याची! असे कसे?"

"माहीत नाही गं," मी म्हणालो. "आणखी पाने बघू या."

वड्या त्या दिवशी उशिरा झाल्या.