उघड्यावरची पंगत

रोटीव्यवहाराचे निर्बंध आपल्या समाजात किती खोल रुजले होते, हे पाहावयाचे असेल तर ते मोडू पाहणाऱ्यांची भीती आधी पाहावी. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या स्नेह्यांनी स्थापिलेल्या परमहंस सभेत नव्या सभासदास परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन आपण जातिभेद मानीत नाही हे सिद्ध करावे लागे. परंतु हा विधी बंद दाराआड चाले, आणि १८६० मध्ये सभेचे दप्तर चोरीस जाऊन नावे फुटण्याचा प्रसंग येताच ती सभा विसर्जित झाली. त्या मंडळींची तळमळ खरी होती, त्यांच्यातील काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभारण्यास हातभारही लावला. तथापि चोरून खाल्लेल्या घासाने शेजाऱ्याचे मन पालटत नाही.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापली गेली, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत पोहोचली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोघांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एवढ्या थोर माणसांना एका पेल्यापायी वाकावे लागते, यावरून जातीचा अंमल सरकारी कायद्याहून कठोर होता हे उघड आहे.

कोल्हापुरास मात्र निराळे घडले. दरबारच्या पागेत पाण्याला स्पर्श केला म्हणून मार खाल्लेले अस्पृश्य सेवक गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान थाटण्यास साह्य केले. आणि ‘सत्यसुधारक’ नावाच्या त्या दुकानी कोणी फिरकेना, तेव्हा स्वतः छत्रपतींनी तेथे लवाजम्यासह जाऊन, भर रस्त्यात, रयतेच्या देखत चहा घेतला, व सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. हुकूम काढणे महाराजांना सोपे होते. त्यांनी पेला हाती घेतला, हे मला हुकुमाहून मोठे वाटते.

पुढे ८ एप्रिल १९२८ रोजी लोकमान्यांचे पुत्र श्रीधरपंत टिळक यांनी केसरी-मराठा संस्थेच्या विश्वस्तांचा विरोध पत्करून पुण्यातील गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा उघडली आणि डॉक्टर आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्यांसह सहभोजन केले. विश्वस्तांशी चाललेल्या कलहाने जर्जर झालेल्या या तरुणाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपली जीवनयात्रा संपविली.

केवळ सहभोजनाने जात मरत नाही, आंतरजातीय विवाहावाचून तिचे मूळ उखडणार नाही, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले, आणि ते यथार्थच आहे. परंतु जेथे एका पंक्तीत बसण्याचीच तयारी नाही, तेथे सोयरिकीची गोष्ट कोण काढणार? म्हणून ज्या गावी उत्सवाच्या जेवणात आजही कुणाला मागच्या पंगतीसाठी थांबवितात, तेथे पहिल्या पंगतीचा मान असलेल्या वाचकाने त्या थांबलेल्यांस हाताला धरून आपल्या शेजारच्या पानावर बसवावे, आणि ते सर्वांच्या देखत करावे.