लोकप्रतिनिधी आणि कागदाची साक्ष

जामनेरच्या शेतकऱ्यास सातबाऱ्याच्या उताऱ्याचे मोल सांगावयास नको. कागद नसेल तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरही हक्क शाबीत करणे कठीण. लोकप्रतिनिधींच्या उत्तरदायित्वासही हाच न्याय लागतो, असे आमचे मत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध निर्णय दिला. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानास मिळालेल्या देणग्या व बांधकाम व्यावसायिकांस मिळालेले सिमेंट यांची सांगड त्यांनी मान्य केली. अंतुल्यांस पद सोडावे लागले. पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आमदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे असे ठरविले. परंतु १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा झाल्यावर, १९९८ साली, त्याच न्यायालयाने खासदारांस त्या कायद्याखाली लोकसेवक मानले.

कायद्याची ही वाट खानदेशातही येऊन पोहोचली. जामनेर ज्या जिल्ह्यात मोडते त्या जळगावच्या नगरपालिकेच्या घरकुल योजनेसंबंधी २००६ साली फिर्याद झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांस दोषी ठरविले. माजी मंत्री सुरेश जैन यांस सात व गुलाबराव देवकर यांस पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या निकालाविरुद्ध अपिले झाली.

फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे! एवढ्या काळात साक्षीदाराची आठवण पुसट होते. ठराव आणि हिशेब मात्र जबानी फिरवीत नाहीत. म्हणून नगरपालिकेच्या दप्तरास वाळवी लागू देणे म्हणजे निवडून दिलेल्यांस जाब विचारण्याचा आपला हक्कच वाळवीच्या स्वाधीन करणे होय.