एमजीच्या बोनेटखाली अँबेसिडरचं इंजिन

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

खर्ड्याचा इतिहास म्हटलं की आपण सगळे 11 मार्च 1795 वर जाऊन थांबतो. मराठे, निजाम, शिवपट्टणचा किल्ला. अभिमान आहेच. पण इतिहास नट-बोल्टाचाही असतो, हे मला गेल्या महिन्यात एका मोडक्या गाडीनं शिकवलं.

झालं असं. पुण्याकडं एका गोदामात जुनी एमजी टीसी विकायला आहे, असं मित्राकडून कळलं. दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. लांब बोनेट, सायकलसारखी तारांची चाकं. चालू नव्हती. 'प्रोजेक्ट' म्हणून घ्यायची, म्हणजे पूर्ण खोलून, दुरुस्त करून परत उभी करायची. मला लहानपणापासून गॅरेजचं वेड. गेलो बघायला. किंमत काय सांगितली ते इथं लिहीत नाही, घरचेही ही पोस्ट वाचतात.

आधी ही गाडी काय चीज आहे ते सांगतो. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस यांचं गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं गॅरेज होतं. 1922 ला तिथं सेसिल किंबर मॅनेजर झाले. साध्या मॉरिस गाडीच्या चासीवर हलकी, देखणी बॉडी चढवून ते विकायला लागले. म्हणजे एमजीचा जन्मच गॅरेजमधल्या उद्योगातून झाला. टीसी हे मॉडेल दुसरं महायुद्ध संपल्यावर 1945 ते 1949 या काळात निघालं. सगळ्या मिळून साधारण 10 हजार गाड्या. इंजिन 1250 सीसी. बॉडीचा सांगाडा लाकडाचा, त्यावर पत्रा. त्यामुळं दुरुस्तीला फिटर लागतो तेवढाच सुतारही लागतो.

आपल्याकडं या गाड्या इतक्या कमी का? स्वातंत्र्यानंतर बाहेरून तयार गाड्या आणणं हळूहळू बंद झालं. 1953 ला सरकारनं धोरण ठरवलं की गाडी इथंच बनवायची तयारी असेल त्यानंच धंदा करावा, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यानं गाशा गुंडाळावा. मुंबईत शिवडीला 1928 पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना 1954 ला बंद झाला. पुढं रस्त्यावर दिसल्या त्या मुख्यतः अँबेसिडर, फियाट आणि स्टँडर्ड. दोन सीटच्या हौशी गाडीला त्यात जागा नव्हती. जी एमजी त्याआधी बोटीतून उतरली, तीच राहिली. आणि तिचे पार्ट मिळायचे बंद झाले.

मग इतकी वर्षं ती चालली कशी? आम्ही बोनेट उघडलं आणि उत्तर समोर होतं. आत अँबेसिडरचं इंजिन! मूळ इंजिन कधीच गेलेलं.

मित्राचं तोंड पडलं. मला मात्र हसू आलं. कारण अँबेसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात पुढं आलेलं 1489 सीसीचं इंजिन ज्या घराण्याचं, त्याच घराण्याचं 1489 सीसीचं इंजिन एमजी कंपनीनं 1955 च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं होतं. म्हणजे आपल्या कुणा मिस्त्रीनं परकं काही घातलं नव्हतं, भाऊबंदातलंच आणून बसवलं होतं. त्याला हा इतिहास माहीत असेल-नसेल. पण त्याच्या हातामुळं गाडी भंगारात गेली नाही.

आता कायदा बघा. जुलै 2021 ला केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा खासगी चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि मोठी अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरबदल झालेला नको.

म्हणजे ज्या जुगाडानं गाडी वाचली, तोच तिचा दोष ठरला! वर आरसी बुकाचा पत्ता नाही. सौदा तिथंच थांबला.

नियमामागं कारण आहे, हे मान्य करतो. अशी अट नसेल तर उद्या कुणीही चार पत्रे ठोकून 'व्हिंटेज' म्हणून विकेल. पण परत येताना डोक्यात एकच विचार होता. हा नियम दुचाकी आणि खासगी चारचाकीपुरता आहे. ट्रॅक्टर त्यात नाही, ट्रक नाही. साहेबाच्या हौसेच्या गाडीला मान आहे. ज्या ट्रॅक्टरनं गावातल्या बैलाचं जू उतरवलं, त्याला नाही. आपल्याच नगरला 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रोल्स रॉइसची चिलखती गाडी तिथं दिमाखात उभी आहे. फार चांगलं काम आहे, पोरांना जरूर दाखवा. पण युद्धाचं लोखंड जपलं तसं शेतीचं लोखंड कुणी जपायचं?

म्हणून आपल्या भागातल्या सगळ्यांना तीन गोष्टी सांगतो.

एक, घरात आजोबांची राजदूत, जावा, लॅम्ब्रेटा पत्र्याच्या शेडमध्ये पडली असेल तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी पेटी उघडून आरसी बुक शोधा आणि पहिल्या नोंदणीची तारीख बघा.

दोन, कुणी जुनी गाडी विकायला आणली तर पॉलिशला भुलू नका. आधी कागद, मग चासी नंबर, मग इंजिन नंबर. जुळले तरच पैशाचं बोला.

तीन, गावातल्या जुन्या मिस्त्रींजवळ जाऊन बसा. कोणता पार्ट कशाला बसतो, हे कुठल्याही पुस्तकात नाही, त्यांच्या बोटांत आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. लढाईची बखर लिहिणारे होते, गॅरेजची बखर कुणी लिहिली नाही.

माझी एमजी राहिली. पण चुलत्यांच्या वाड्यात एक जुना ट्रॅक्टर गंजत पडलाय. दिवाळीनंतर तो खोलणार आहे. अण्णा म्हणाले, "चालू झाला तर पहिला तास मी मारणार." ठरलं.

तुमच्या शेडमध्ये काय आहे? फोटो टाका कमेंटमध्ये.

#खर्डा #जामखेड #आपलाइतिहास