मोल

मोल : पदार्थाच्या राशीचे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील एकक. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही संज्ञा रूढ केली. ग्रॅममध्ये व्यक्त केलेला रेणुभार, असा तिचा तेव्हाचा अर्थ होता. अणुभार ऑक्सिजनाचा अणुभार १६ मानून काढीत. तथापि १९२९ मध्ये ऑक्सिजनाचे जड समस्थानिक आढळल्यावर भौतिकीविज्ञांनी केवळ ऑक्सिजन-१६ हा समस्थानिक आधारभूत मानला. रसायनशास्त्रज्ञांनी नैसर्गिक मिश्रणच कायम ठेवले. त्यामुळे एकाच मूलद्रव्याच्या दोन अणुभारांत सु. ०·०२८ टक्के तफावत पडे. शिवाय नैसर्गिक मिश्रणाचे संघटन उगमानुसार किंचित बदलते. १९६०–६१ मध्ये दोन्ही शास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-१२ हा समान आधार स्वीकारून हा भेद मिटविला. त्यानुसार १९७१ मध्ये १२ ग्रॅ. कार्बन-१२ मधील अणूंइतके मूल घटक असणारी राशी, अशी मोलची व्याख्या होऊन ते सातवे मूलभूत एकक ठरले. मात्र ही व्याख्या किलोग्रॅमवर, म्हणजेच पॅरिसजवळ जतन केलेल्या धातूच्या दंडगोलावर अवलंबून होती. २० मे २०१९ पासून ६·०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके मूल घटक म्हणजे एक मोल होय. परिणामी एक मोल कार्बन-१२ चे वस्तुमान १२ ग्रॅ. हे आता व्याख्येने ठरत नसून मापनाने ठरते.